वेटलिस्टला नंबर नसतो
वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतले कॉलेज प्रवेश

मार्चअखेर अमेरिकी कॉलेजांचे निकाल लागले की आमच्या टपालाचा सूरच बदलतो. या अंकासाठी निवडलेली पत्रं बारावीनंतरच्या प्रवेशाची आहेत. एमएसचं गणित वेगळं, ते पुन्हा कधीतरी.

प्रश्न : मुलीला तिच्या सगळ्यांत आवडत्या कॉलेजनं वेटलिस्टवर टाकलंय. दुसरीकडे प्रवेश मिळालाय, पण तिथं डिपॉझिट भरायला ती तयार नाही. तिचा नंबर कितवा हे कसं कळेल? मी अ‍ॅडमिशन ऑफिसला फोन करून बघू का?
— एक आई, एडिसन, न्यू जर्सी

ताई, आधी डिपॉझिट. १ मे ही बहुतेक कॉलेजांची डिपॉझिटची मुदत. तिच्या आत दुसऱ्या कॉलेजात पैसे भरून जागा पक्की करा. ते भरल्यानं वेटलिस्टवरचं नाव जात नाही. एकीकडे डिपॉझिट आणि दुसरीकडे वेटलिस्ट हे सगळ्या कॉलेजांना ठाऊक असतं आणि चालतं. पुढे वेटलिस्टमधून बोलावणं आलं आणि मुलगी तिकडे गेली, तर ही रक्कम सहसा बुडते. ती विम्याचा हप्ता समजा.

नंबर विचारू नका, कारण रेल्वेच्या तिकिटासारखा 'डब्ल्यूएल १७' इथं नसतो. बहुतेक कॉलेजं या यादीला क्रम लावतच नाहीत. १ मे उलटला की कोणत्या शाखेत किती डिपॉझिट आले ते मोजतात आणि जिथं खड्डा पडलाय तिथली माणसं उचलतात. नर्सिंगला आठ जण कमी पडले आणि इंजिनिअरिंग गच्च भरलं, तर इंजिनिअरिंगवाल्या मुलांचे गुण कितीही असोत, त्यांना फोन येत नाही. हा मुलीच्या लायकीवरचा शेरा नव्हे, कॉलेजची बेरीज-वजाबाकी आहे.

शक्यता किती, याचा अंदाज मात्र काढता येतो. कॉलेजच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट' (कॉलेजं दरवर्षी जाहीर करतात ती आकडेवारी) लिहून शोधा आणि सी-२ हा भाग उघडा. तिथं तीन आकडे असतात: किती जणांना वेटलिस्ट देऊ केली, किती जणांनी ती स्वीकारली, आणि त्यांतून किती जणांना प्रवेश दिला. समजा २,००० जणांना देऊ केली, १,२०० जणांनी स्वीकारली आणि ३६ जण घेतले, तर शक्यता ३६ भागिले १,२००, म्हणजे ३ टक्के. पुष्कळ पालक २,००० नं भागतात, ते चूक. आणि एका वर्षावर विसंबू नका. चार-पाच वर्षांचे आकडे शेजारी मांडा. एका वर्षी शून्य आणि पुढच्या वर्षी शंभरावर, असंही होतं.

आता मुलीनं करायचं काम. पहिलं, पोर्टलवर जाऊन 'वेटलिस्टवर राहायचं आहे' हे बटण दाबणं. हे आपोआप होत नाही. त्याला स्वतंत्र मुदत असते, आणि ती १ मेच्या आधीची असू शकते. दुसरं, ईमेलचा पत्ता तपासणं. अर्ज शाळेच्या ईमेलवरून केला असेल तर तो लगेच बदला. पदवीदान झालं की शाळा ती खाती बंद करते, आणि वेटलिस्टची ऑफर नेमकी मे-जूनमध्ये येते.

तिसरं, पत्र. कॉलेज पत्र घेतं की नाही, हे आधी पोर्टलवर नीट वाचा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या कॅम्पसांत पोर्टलवरच्या चौकटीत जेवढं मागितलं तेवढंच लिहायचं. वरून शिफारसपत्रं पाठवण्यात अर्थ नाही. जिथं पत्र चालतं तिथं ३०० ते ४०० शब्द पुरे. पहिल्या परिच्छेदात सरळ सांगावं की जागा मिळाली तर मी येणारच. मात्र ते खरं असेल तरच, आणि एकाच कॉलेजला. दुसऱ्या परिच्छेदात अर्जानंतरची बातमी. 'मी अजूनही रोबोटिक्समध्ये सक्रिय आहे' ही बातमी नव्हे. 'फेब्रुवारीत आमच्या रोबोचं प्रोग्रामिंग मी नव्यानं लिहिलं आणि संघ राज्यस्पर्धेत उपांत्य फेरीत गेला' ही बातमी. तिसऱ्यात, तिथंच का. हा परिच्छेद तपासायची युक्ती सोपी आहे: कॉलेजचं नाव खोडून दुसरं घाला. वाक्य तरीही चाललं, तर ते काढून टाका. 'जागतिक दर्जाचे प्राध्यापक' सगळीकडेच असतात.

गाऱ्हाणं नको, आणि कुठं-कुठं प्रवेश मिळाला त्याची यादीही नको. पत्र पोर्टलवर चढवावं. तशी सोय नसेल तर तुमच्या भागाच्या अ‍ॅडमिशन ऑफिसरला ईमेल करावं. एकदाच. जूनमध्ये अंतिम गुण आले की दोन ओळी आणखी, बस्स.

आणि फोनचं म्हणाल, तर तो तुम्ही करूच नका. आपल्याकडे प्राचार्यांना भेटून आलं की काम हलतं, असा आपला अनुभव असतो. इथं आई-वडिलांच्या फोननं एवढंच दिसतं की मुलीनं स्वतः विचारलं नाही.

एक गोष्ट आजच घरात बसून ठरवा. ऑफर आली की उत्तर द्यायला कधी २४ तास मिळतात, कधी दोन-तीन दिवस. तेवढ्यात खर्चाचा हिशेब होत नाही. किती रकमेपर्यंत 'हो', हे कागदावर लिहून ठेवा. उशिरा आलेल्यांना हॉस्टेलही उरेल ते मिळतं. 'हो' कळवल्यावर पहिल्या कॉलेजला त्याच दिवशी लेखी नकार द्यायला विसरू नका.

प्रश्न : मुलगा यंदा बारावी, एचएससी बोर्ड. अमेरिकेतलं एक कॉलेज पक्कं आहे, दुसऱ्याची वेटलिस्ट आहे. जूनमध्ये बोलावलं तर व्हिसाचं कसं जमायचं?
— वाचक, पुणे

वेटलिस्टसाठी थांबून व्हिसाचं काम लांबवू नका. पक्क्या कॉलेजची आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो दाखला) घ्या, ३५० डॉलरची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेची) भरा, १८५ डॉलरची व्हिसा फी भरून मुलाखतीची तारीख पकडा. मे-जूनमध्ये मुंबईच्या तारखा मिळणं हेच खरं अवघड काम. नंतर कॉलेज बदललं तर नवी आय-२० नव्या सेव्हिस क्रमांकाची येते. भरलेली सेव्हिस फी त्या क्रमांकावर वळवता येते, पुन्हा भरावी लागत नाही. डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात मात्र नवं कॉलेज आणि नवा क्रमांक यायलाच हवा.

पहिल्या कॉलेजच्या नावानं व्हिसा छापून आल्यावर बदल झाला, तर अडचण मोठी. पहिल्यांदा विमानतळावर उतरताना व्हिसावरचं कॉलेज आणि हातातली आय-२० जुळायला हवी. म्हणून 'हो' म्हणायच्या आधीच नव्या कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा: आय-२० किती दिवसांत, आणि व्हिसा वेळेत झाला नाही तर जागा पुढच्या सत्रापर्यंत राखाल का?

पैशांचं सत्य कडू आहे. एरवी अर्जदाराची ऐपत न बघणारी काही कॉलेजंही वेटलिस्टमधून निवडताना ती बघतात, आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे आणखी सर्रास चालतं. मदत मागितली असेल तर आशा बेतानं ठेवा. अमेरिकेतच शाळा शिकलेल्या, पण एच-४ व्हिसावर (आई-वडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून) असलेल्या मुलांनाही पुष्कळ कॉलेजं परदेशीच धरतात, आणि अमेरिकी केंद्र सरकारची आर्थिक मदत त्यांना मिळत नाही.

तुमच्या मुलाची एक जमेची बाजू आहे. अमेरिकेतल्या मुलांची बातमी मेपर्यंत संपलेली असते, त्याची तेव्हाच येते. एचएससीचा निकाल २०२४ मध्ये २१ मेला लागला, २०२५ मध्ये ५ मेला. गुण शाळेनं कळवलेल्या अंदाजाइतके किंवा वर असतील, तर त्याच आठवड्यात मार्कशीट पोर्टलवर चढवा.

प्रश्न : मी अकरावीत आहे. कॉलेजमध्ये 'इंटरेस्ट दाखवायचा' असतो म्हणतात. मी पाच कॉलेजांना दर आठवड्याला ईमेल करते. एवढं पुरेल ना?
— विद्यार्थिनी, ठाणे

आधी ते ईमेल थांबव. वेबसाइटवर उत्तर आहे असा प्रश्न दर आठवड्याला विचारणारी मुलगी लक्षात राहते, पण नको त्या कारणानं.

कॉलेज हे मोजतं का, ते आधी बघ. त्याच कॉमन डेटा सेटमध्ये सी-७ हा तक्ता आहे. त्यात अर्जदाराच्या रसाची ओळ असते आणि तिच्यासमोर 'फार महत्त्वाचं' पासून 'विचारात घेत नाही' पर्यंत एका ठिकाणी खूण. हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया इथं हे मोजत नाहीत. मोजतात ती बहुधा मध्यम आकाराची खासगी कॉलेजं. प्रवेश दिलेली मुलं आलीच नाहीत तर वर्ग रिकामे राहतील, ही त्यांची धास्ती.

अशा ठिकाणी काय धरलं जातं? कॉमन अ‍ॅपवर, म्हणजे अनेक कॉलेजांना एकच अर्ज करायच्या वेबसाइटवर, देणार तोच ईमेल वापरून त्यांच्या यादीत नाव नोंदव. दोन ईमेल वापरलेस तर तुझी हजेरी दोघींच्या नावावर वाटली जाईल. ऑनलाइन माहितीसत्राला नाव नोंदवून खरंच बस. कॉलेजची माणसं मुंबईच्या मेळाव्यात आली तर भेट आणि त्यांच्याकडचा क्यूआर कोड स्कॅन कर, नाहीतर गेल्याची नोंदच होत नाही. ऐच्छिक मुलाखत मिळाली तर सोडू नकोस. पुष्कळ कॉलेजं स्लेट नावाची प्रणाली वापरतात. तिच्यात तू ईमेल उघडलास का, कुठल्या दुव्यावर गेलीस, हे दिसू शकतं. आयफोनच्या मेलमधली गोपनीयतेची सोय उघडल्याची नोंद बिघडवते, म्हणून कामाच्या दुव्यावर एखादं क्लिक बरं. इन्स्टाग्रामवर लाइक करत बसणं मात्र निव्वळ वेळखाऊ.

पण सगळ्यांत जड पारडं 'हेच कॉलेज का' या निबंधाचं. त्याच्याही वर अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर केलेला अर्ज. त्यात प्रवेश मिळाला तर जायचं बंधन असतं, आणि दुसरीकडची आर्थिक मदत शेजारी ठेवून बघता येत नाही. आई-बाबांशी आकडे बोलल्याशिवाय त्यावर सही करू नकोस.

प्रश्न : दोन्ही कॉलेजांत डिपॉझिट भरून ऑगस्टपर्यंत ठरवलं तर?
— वाचक, डॅलस

नको. कळलं तर दोन्हीकडचे प्रवेश रद्द होऊ शकतात, शिवाय शाळेला अंतिम गुणपत्रिका एकाच कॉलेजला पाठवायची असते. वेळ हवा असेल तर १ मेच्या आधी लेखी मुदतवाढ मागा. बरेचदा देतात, विशेषतः मदतीचा निर्णय अडकला असेल तर.

प्रश्न : एप्रिलमध्ये दोन कॉलेजांचे 'अ‍ॅडमिटेड स्टुडंट डे', म्हणजे प्रवेश मिळालेल्यांसाठीचे भेटीचे दिवस, आहेत. विमानाचा खर्च करून जावं का? गेलो तर काय बघायचं?
— एक बाबा, नेपरव्हिल, इलिनॉय

प्रवेश मिळालेला आहे, तेव्हा न गेल्यानं काही बिघडत नाही आणि तिथं कोणी मुलाची परीक्षाही घेत नाही. निवड खरंच दोघांत अडकली असेल तर जा. खर्च जड असेल तर आधी ईमेल करून प्रवासखर्चाची सोय आहे का विचारा. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना काही कॉलेजं तिकीट देतात. रात्रीचा मुक्काम असेल आणि मुलगा १८ वर्षांखालचा असेल, तर तुमच्या सहीचा फॉर्म लागतो. तो राहिला की मुक्काम हुकतो.

शनिवारचा सोहळा म्हणजे लग्नाचा मांडव: फुगे, टीशर्ट, हसरे चेहरे. शुक्रवार जोडून घ्या आणि मुलाला पहिल्या वर्षाच्या मोठ्या तासाला बसवा. गणित किंवा रसायनशास्त्र, जिथं दोन-तीनशे जण असतात असा. मागच्या तीन रांगा काय करतात, ते त्यानं बघावं.

इंजिनिअरिंग असेल तर एक प्रश्न चुकवू नका: हवी ती शाखा हातात आहे, की मिळवायची आहे? पर्ड्यूमध्ये आणि टेक्सास ए अँड एममध्ये पहिलं वर्ष सामायिक, शाखा त्यानंतर. इतर पुष्कळ ठिकाणी कम्प्युटर सायन्समध्ये नंतर घुसणं जवळपास अशक्य. हे फुगेवाल्या यजमानाला नव्हे, विभागाच्या अ‍ॅडव्हायजरला विचारा.

मुलगा तासाला बसेल तेव्हा तुम्ही फायनान्शियल एड ऑफिस गाठा. आधी वेळ घेऊन, मदतीचं पत्र हातात ठेवून. पत्रातली शिष्यवृत्ती, कर्ज आणि वर्क-स्टडी (शिकता शिकता काम करून मिळवायचे पैसे) वेगवेगळ्या रंगानं खुणा करून न्या, कारण पत्रात बरेचदा तिन्हींची बेरीज एकत्र दाखवलेली असते. शिष्यवृत्ती चारही वर्षं आहे का आणि ती टिकवायला किती जीपीए (सरासरी गुणांक) लागतो, हे विचारा. दुसऱ्या कॉलेजचं पत्र जास्त असेल तर त्याची प्रत पुढे करा. 'हे जुळवता येईल का' असं विचारण्यात लाज नाही, पण १ मेच्या आधी विचारा. दुपारचं जेवण मुलांच्या मेसमध्ये घ्या, आणि घरी मांसाहार नसेल तर रविवारी रात्री शाकाहारी काय मिळतं, ते रांगेत पुढे उभ्या असलेल्या मुलाला विचारा.