एक एकराच्या गृहप्रकल्पात 20 टक्के घरं म्हाडासाठी ठेवावी लागतात का? (नाशिक महापालिका हद्द)

हो, प्लॉट 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल तर ठेवावीच लागतात. एक एकर म्हणजे 4,047 चौरस मीटर. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतला (2020) सर्वसमावेशक गृहनिर्माणाचा (मोठ्या प्रकल्पात अल्प उत्पन्न गटासाठी छोटी घरं ठेवण्याचा) नियम दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांना लागू आहे आणि 2011 च्या जनगणनेनुसार नाशिक त्यात बसतं. 20 टक्के मोजायचे ते मूळ एफएसआयवर (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण), एकूण बांधकामावर नाही. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. मूळ एफएसआय 1.1 धरला तर 890 चौरस मीटर, म्हणजे 30 ते 50 चौरस मीटरची साधारण 18 ते 29 घरं. हे क्षेत्र एफएसआयमध्ये धरलं जात नाही, त्यामुळे विक्रीचं क्षेत्र कमी होत नाही. ही घरं मात्र शेवटी बांधू म्हणून मागे ठेवू नका: त्यांचा भोगवटा दाखला (इमारत वापरायला महापालिकेची परवानगी) मिळाल्याशिवाय उरलेल्या इमारतींचा मिळत नाही, आणि तिथे सामान्य ग्राहकांचे ताबे रखडतात. वाटप म्हाडाच्या सोडतीतून होतं.

जागेतून डीपी रस्ता (शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता) जात असेल तर ते क्षेत्र वजा करून प्लॉट 4,000 च्या खाली येतो का, हे नकाशा दाखल करण्याआधी नगररचना विभागाकडून लेखी घ्या. मुंबईची नियमावली वेगळी आहे.