आधी उतरायला शिकवा, उडी नंतर

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा १३ वर्षांचा आहे, नेरुळला फुटबॉल खेळतो. दोन महिने व्हिडिओ बघून सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकवर रोज १०० बॉक्स जंप (उंच खोक्यावर उडी) आणि धावण्याच्या २० फेऱ्या मारतोय, तरी बॉलवर उशिराच पोहोचतो. आणि आता गुडघ्याखाली दुखतंय.

आधी दुखण्याचं बघू. वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला जो उंचवटा असतो तिथे बोटाने दाबून बघा. कळवळला तर ऑसगूड-श्लॅटर असू शकतं. या वयात उंची भराभर वाढते, आणि मांडीचा स्नायू ज्या दोरीने तिथे जोडलेला असतो ती वाढत्या हाडाला ओढत राहते. उड्या आजच बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

आता वेगाचं. पाय टेकताना स्नायू ताणला जातो आणि लगेच आखडतो, त्यातूनच उसळी मिळते. पाय जमिनीवर रेंगाळला की ती उसळी गेली. दमलेला पाय रेंगाळतोच, म्हणून १००व्या उडीतून फक्त दमछाक होते. विश्रांती न घेता मारलेल्या २० फेऱ्यांचंही तेच, त्याने दम वाढेल, वेग नाही.

ऐरोलीच्या मैदानावर मी पहिले तीन आठवडे मुलांना फक्त उतरायला शिकवते. एका पायरीवरून खाली यायचं आणि तिथेच थिजायचं. मी डोळे मिटून ऐकते. ‘धप्प’ वाजलं तर पुन्हा. मग समोरून बघते, गुडघा आत पडतोय का. बऱ्याच मुलांचा एकच गुडघा पडतो. हे जमलं की आठवड्यातून दोनदा, मध्ये दोन दिवस सोडून, एका वेळी ५०-६० उड्या, त्याही मातीवर किंवा गवतावर. उंचावरून पडून लगेच उसळण्याचे प्रकार नकोत. प्रशिक्षक वेर्खोशान्स्की यांनी ते सोव्हिएत संघात तयारीच्या खेळाडूंसाठी काढले होते. सुरुवातीला मीही मुलांना कठड्यावरून उड्या मारायला लावल्या, आणि टाचेच्या दुखण्याने दोघांचा हंगाम गेला. ते अजून सलतं.

स्प्रिंट १० ते २० मीटरचीच ठेवा, सामन्यातली बहुतेक धाव तेवढीच असते. सहा ते आठ पुरेत. दर १० मीटरमागे एक मिनिट थांबायचं, मुलं कितीही चुळबुळली तरी. कधी बसून, कधी पाठमोरं उभं राहून सुटायचं.

वॉर्म-अपसाठी फिफाचा ‘११+ किड्स’ हा दुखापत टाळणाऱ्या व्यायामांचा संच घ्या, तो ७ ते १३ वयासाठीच आहे.

दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करत जा. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरच्या वर गेली तर उड्या निम्म्या करा. डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहा, मग पुढचे आठवडे ठरवू.