'नेबो'चे अनेकवचन 'नेबेसा' का होते?

रशियन 'नेबो' (आकाश) हा शब्द एकवचनात 'ओक्नो'सारखा (खिडकी) सरळ चालतो, मग अनेकवचनात 'नेबेसा' होताना मधला '-एस्-' कुठून येतो, असे आपण विचारले आहे. हा अंश अनेकवचनात नव्याने आलेला नसून एकवचनातून गळालेला आहे.

आदिस्लाविक (रशियनसारख्या स्लाविक भाषांची पूर्वज) भाषेतले पुनर्रचित *नेबो (* हे चिन्ह लिखित नसलेल्या, अनुमानाने बांधलेल्या रूपाचे) हे सकारान्त, म्हणजे मुळात स् ने संपणारे, नपुंसकलिंगी नाम असून संस्कृत 'नभस्' हे त्याचे सख्खे भावंड. दोन्ही आद्य इंडो-युरोपीय (संस्कृत, ग्रीक, स्लाविक इत्यादींची समान पूर्वज भाषा) *नेभोस् पासून आले. ग्रीक 'नेफोस' (ढग) आणि हित्ती (अनातोलियातील एक प्राचीन भाषा) 'नेपिश' (आकाश) हेही त्याच कुळातले. प्रथमा-द्वितीया *नेबो, षष्ठी *नेबेसे, चतुर्थी *नेबेसि, अनेकवचनी प्रथमा *नेबेसा, ही रूपे 'नभः, नभसः, नभसे' यांच्याशेजारी ठेवली की सांगाडा एकच दिसतो. मूळचे ए आणि ओ संस्कृतात अ झाले आणि स्लाविकमध्ये शब्दान्तीचे व्यंजन गळाले, हा मुख्य फरक.

अनेकवचनी सप्तमी *नेबेसिखु मात्र थांबून पाहण्यासारखी आहे (तिच्यातले इ आणि उ अतिऱ्हस्व होते). या एका रूपात मुळातले दोन स आहेत: पहिला ए नंतर येतो म्हणून तसाच राहिला, दुसरा इ नंतर येतो म्हणून ख झाला. 'मुनिषु'मध्ये ष आणि 'मालासु'मध्ये स का, हे ज्यांनी 'इण्कोः' (इ, उ, क इत्यादींनंतर स चा ष होतो, अ-आ नंतर नाही) या पाणिनीय सूत्रावरून शिकले आहे, त्यांना यात जुनी ओळख पटेल, कारण स चा हा बदल संस्कृत आणि स्लाविक या दोन्ही शाखांत जवळजवळ त्याच परिस्थितीत घडतो.

वादाचा मुद्दा प्रथमेचा आहे. मूळच्या *-ओस् चे इथे -ओ झाले, पण संस्कृत 'देवः'सारख्या अकारान्त नामांशी जुळणाऱ्या पुल्लिंगी स्लाविक नामांत त्याच जागी अतिऱ्हस्व उ दिसतो. काही अभ्यासक -ओ हाच नियमित बदल मानून पुल्लिंगी रूप द्वितीयेवरून आले असे म्हणतात, तर काही जण नपुंसकी -ओ ला *तो (संस्कृत 'तत्') या सर्वनामाच्या प्रभावाचे फळ समजतात. मला पहिला पक्ष अधिक सरळ वाटतो, परंतु निर्णायक पुरावा कोणाच्याही बाजूने नाही.

प्रथमा -ओ अशी झाल्यावर हे नाम *लेतो (उन्हाळा) यासारख्या नामांहून वेगळे दिसेना, आणि बोलणाऱ्यांनी षष्ठीही 'नेबा' अशी करून टाकली. अशी सरमिसळ प्राचीन चर्च स्लाव्होनिकच्या (सर्वांत जुनी लिखित स्लाविक भाषा) हस्तलिखितांतच सुरू झालेली आहे, तिथे 'स्लोवो'ची (शब्द, संस्कृत 'श्रवस्') 'स्लोवेसे' आणि 'स्लोवा' अशी दोन्ही षष्ठी-रूपे आढळतात. मराठीनेही 'नभ' अकारान्त करून 'नभात' म्हटलेच की, जुना स् फक्त 'नभोवाणी'सारख्या समासातल्या ओ मध्ये उरला. रशियनमध्ये 'नेबेसा' टिकले, 'स्लोवेसा' मात्र मागे पडून 'स्लोवा' रूढ झाले. तरी 'स्लोवेस्नी' या विशेषणात तो '-एस्-' अजून शाबूत आहे.