जुन्या डुअल टर्नटेबलला आठ हजारांची केबल लावावी का?

प्रश्न: वडिलांचा डुअल कंपनीचा १२१९ टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) सन्सुईच्या जुन्या ॲम्पला जोडायचा आहे. टर्नटेबलला पाच पिनांचा डिन प्लग (जुन्या युरोपीय यंत्रांवरचा गोल प्लग) आहे, कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) शुअर एम-७५ईडी. दुकानदार आठ हजारांची ‘लो कपॅसिटन्स’ केबल सुचवतोय. घेऊ का? स्पीकरला कोणती वायर वापरू?

नका घेऊ. आठ हजार जास्त होतात म्हणून नव्हे, ती केबल तुमच्या कार्ट्रिजला चुकीची आहे म्हणून. कपॅसिटन्स म्हणजे केबलची आतली तार आणि भोवतीची जाळी यांच्यात विद्युतभार साठण्याची क्षमता. ‘तो जितका कमी तितकी केबल चांगली’ हे दुकानांत सरसकट सांगितलं जातं. दुसरीकडे ‘वायर ती वायर, काही फरक पडत नाही’ म्हणणारेही आहेत. या दोन्ही गटांशी माझे कडाक्याचे वाद झालेत. फोनोच्या, म्हणजे टर्नटेबलपासून ॲम्पपर्यंतच्या केबलबाबतीत दोघंही चुकतात.

तुमच्यासारख्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट, सुईबरोबर चुंबक हलतं) कार्ट्रिजमध्ये बारीक तारेची कॉइल असते आणि केबलचा कपॅसिटन्स तिच्याशी मिळून एक रेझोनन्स (ठरावीक पट्टीत आवाजाला येणारा उठाव) तयार करतो. हिशोबासाठी कॉइल ५०० मिलिहेन्री आणि एकूण कपॅसिटन्स ४५० पीएफ (पिकोफॅरड, कपॅसिटन्सचं एकक) धरा, रेझोनन्स साडेदहा किलोहर्ट्झच्या जवळपास येतो. एकूण २०० पीएफच असेल तर तो जवळपास सोळा किलोहर्ट्झवर सरकतो. शुअरने एम-७५ईडी आणि व्ही-१५ टाइप ३ साठी ४७ किलोओहम आणि ४०० ते ५०० पीएफ असा लोड (कार्ट्रिजच्या पुढे जोडला जाणारा रोध आणि कपॅसिटन्स) सांगितला होता, तो उगीच नाही. वरच्या पट्टीत सुई जिथे कमी पडते ती जागा या रेझोनन्सने भरून काढायची, असं ते डिझाइन आहे. कपॅसिटन्स कमी ठेवलात तर पाच ते दहा किलोहर्ट्झचा भाग खाली बसतो. सतारीच्या जवारीची धार बोथट होते, आणि रेकॉर्डची चरचर मात्र टोकदार ऐकू येते.

उद्या याच आर्मवर (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्यावर) ऑडिओ-टेक्निकाचं एटी-व्हीएम९५ई लावलंत तर गणित उलटं. त्याला १०० ते २०० पीएफ लागतं. तिथे ४५० पीएफ दिलंत तर गाणाऱ्याचा प्रत्येक ‘स’ कानाला टोचेल. दुकानदाराची केबल तिथे शोभली असती. म्हणून आधी कार्ट्रिज बघायचं, मग केबल.

हे ४००-५०० पीएफ म्हणजे आर्ममधल्या तारा, केबल आणि ॲम्पचा फोनो इनपुट, तिन्ही मिळून. ॲम्पचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये फोनो इनपुटला समांतर लावलेल्या कपॅसिटरवरून कळतो. केबलचा घरी मोजता येतो. कपॅसिटन्स रेंज असलेला मल्टिमीटर घ्या, प्रोब मोकळे ठेवून दिसणारा आकडा लिहून ठेवा आणि नंतर वजा करा. ॲम्पकडचं टोक काढा, हेडशेल (आर्मच्या टोकाचा भाग) किंवा कार्ट्रिज बसवलेली सरकपट्टी बाहेर घ्या. कॉइल जोडलेली राहिली तर रीडिंगला अर्थ उरत नाही. मग डाव्या चॅनेलची पिन आणि शील्ड (तारेभोवतीची जाळी) यांच्यात मोजा, तसंच उजव्याचं. दोन्हींत मोठा फरक दिसला तर केबल कुठेतरी कुजली आहे.

एकूण कमी भरलं तर ॲम्पच्या फोनो सॉकेटवर, मधलं टोक आणि बाहेरची रिंग यांच्यात, लागेल तेवढा कपॅसिटर दोन्ही चॅनेलना समान लावा. पॉलिस्टायरीन किंवा सी-झीरो-जी (C0G) प्रकारचा सिरॅमिकच घ्या. साध्या तपकिरी डिस्क कपॅसिटरचा कपॅसिटन्स तापमानाबरोबर हलतो. हा खर्च चहा-वडापावच्या पलीकडे जात नाही.

आता डिन प्लग. सन्सुईच्या मागे बहुधा पाच पिनांचं डिन सॉकेटही असेल आणि प्लग त्यात छान बसेल. बसवू नका. ते टेपचं आहे, तिथे लाइन लेव्हल (कार्ट्रिजपेक्षा कितीतरी मोठा सिग्नल) लागते आणि आरआयएए दुरुस्ती (रेकॉर्ड कापताना घटवलेला बेस परत वाढवणारी) नसते. आवाज येईल, पण अगदी क्षीण आणि बेस गायब. फोनोलाच जायला हवं, त्यासाठी डिनचं आरसीए (मधे टोक, भोवती रिंग असलेला नेहमीचा ऑडिओ प्लग) करा. पिना कमानीत १-४-२-५-३ अशा क्रमाने असतात, आकडे प्लगच्या प्लास्टिकवर उमटवलेले असतात. मधली २ म्हणजे शील्ड, ३ डावा, ५ उजवा. १ आणि ४ रेकॉर्डिंगच्या, त्यांना इथे काम नाही. तयार ॲडाप्टर घेतलात तर आधी मल्टिमीटरने कंटिन्युइटी (कोणती पिन कुठे जोडली आहे) तपासा. काही ॲडाप्टर १ आणि ४ वर जोडलेले असतात, त्यातून तुमच्याकडे शांतताच येईल.

मूळ प्लग कापू नका. लाइनमध्ये बसणारं डिन सॉकेट आणि वीस-पंचवीस सेंटिमीटर शील्डेड वायर घेऊन छोटा तुकडा बनवा. सोल्डर करताना सॉकेटमध्ये जोडीचा प्लग खुपसून ठेवा, नाहीतर प्लास्टिक वितळून पिना तिरक्या होतात. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. डिश टीव्हीची आरजी-६ केबल वापरू नका. तिचा गाभा बहुधा तांबं चढवलेलं स्टील असतो आणि जाळी ॲल्युमिनियमची, जिच्यावर सोल्डर धरतच नाही.

डिनवाल्या डुअलमध्ये चासीचं अर्थिंग आत शील्डला जोडलेलं असतं. आतला तो दुवा न काढता वेगळी अर्थ वायर ॲम्पच्या जीएनडी (ग्राउंड) स्क्रूला नेलीत तर लूप (अर्थचा दुहेरी मार्ग) होऊन गुणगुण वाढते. जाड, खोल गुणगुण ५० हर्ट्झची असते, ती अर्थिंगची किंवा शील्डची. जरा तिखट १०० हर्ट्झची भणभण असेल तर केबल बदलून काही होणार नाही, ॲम्पचे फिल्टर कपॅसिटर थकलेत.

महागड्या आरसीए प्लगवर माझा राग आहे तो यासाठी, की त्यांची घट्ट आवळणारी कॉलर जुन्या ॲम्पची रिव्हेट केलेली सॉकेटं उखडते. साधा, हलका प्लग घ्या. सॉकेट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा आणि प्लग आत-बाहेर फिरवा. पॉलिश पेपर लावू नका, निकेलचा थर निघून जातो. कोकण-मुंबईच्या हवेत दर पावसाळ्यानंतर हे करावंच लागतं.

स्पीकरला विजेच्या दुकानातली दीड एमएम मल्टिस्ट्रँड वायर, लाल आणि काळी. पाच मीटर अंतरावर जाऊन-येऊन रोध ०.१२ ओहमच्या आसपास राहतो, आठ ओहमच्या स्पीकरला ते किरकोळ आहे. अडीच एमएम जुन्या स्प्रिंग क्लिपमध्ये शिरताना त्रास देते. ‘स्पीकर वायर’ म्हणून विकलेली पारदर्शक वायर घेण्याआधी ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम आहे. दोन पिनांचा स्पीकर डिन असेल तर गोल पिन प्लस, चपटी मायनस.

हे सगळं एमएमपुरतं. एमसी (मूव्हिंग कॉइल, यात कॉइलच हलते) कार्ट्रिजला एवढ्या पीएफचा फरक पडत नाही. आणि जुन्या पेटीवजा रेकॉर्ड प्लेअरमधलं सिरॅमिक कार्ट्रिज असेल तर ते फोनोलाही नको आणि ऑक्सलाही (ॲम्पच्या लाइन इनपुटलाही) नको. त्याला साधारण एक मेगाओहमचा लोड लागतो, ४७ किलोओहमवर बेस पूर्ण निघून जातो.