चार बाजू मोजल्या, तरी क्षेत्रफळ का जुळत नाही?

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या तुमच्या जागेच्या बाजू ओळीने २६, २८, २० आणि २२ मीटर. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार केला तर ५७५ चौरस मीटर येतात, एक-चौदावर (जमिनीच्या सरकारी उताऱ्यावर) मात्र ५८५. मधले दहा कुठे गेले, हा तुमचा प्रश्न. मी मागितलेली कर्णाची आणि व्हाळाकडची (ओढ्याकडची) मापं तुम्ही दिलीत म्हणून आता सांगता येतं: फरक दहाचा नाहीच. हिशेबात दोन चुका आहेत आणि एकीने दुसरीला झाकलंय.

पहिली चूक सरासरीची. ही रीत फक्त आयताला बरोबर लागू पडते. इतर कुठल्याही चौकोनात उत्तर जास्तच येतं. मुळात चार बाजूंनी चौकोन पक्का होत नाही. खिळे सैल झालेली खिडकीची चौकट कशी कलते, तसाच तो कलतो. याच चार बाजू ठेवून कर्ण ४० मीटर धरला तर क्षेत्रफळ ४९० वर येतं!

तुमचा कर्ण ३० मीटर. म्हणजे दोन त्रिकोण झाले. २६-२८-३० ची अर्धपरिमिती ४२. तिच्यातून एकेक बाजू वजा केली की १६, १४ आणि १२ उरतात. हेरॉनच्या सूत्राने ४२ × १६ × १४ × १२ चं वर्गमूळ ३३६, हे त्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ. दुसरा २०-२२-३०, त्याचे जवळजवळ २२०. बेरीज ५५६. म्हणजे सरासरीने तुम्हाला १९ फुकटचे दिले होते.

दुसरी चूक व्हाळाकडची. ती २० मीटरची बाजू तुम्ही सरळ धरलीत, पण जागा दोन कोपऱ्यांमधे ताणलेल्या दोरीच्या बाहेर फुगलेली आहे. दर ५ मीटरवर दोरीला काटकोनात घेतलेली तुमची मापं १.६, २.४ आणि १.८, टोकांना शून्य. बेरीज ५.८, गुणिले ५, म्हणजे २९. हे मिळवायचे (काठ आत शिरलेला असता तर वजा केले असते). ५५६ आणि २९ मिळून ५८५. एक-चौदाशी इतकं तंतोतंत जुळणं हा थोडा नशिबाचाही भाग; टेपने मोजताना चार-पाच चौरस मीटर इकडेतिकडे झाले तर काळजी करू नका.

कुळागरात पोफळींमधून कर्णावर टेप सरळ जाईलच असं नाही. तेव्हा मधे एखादी मोकळी जागा बघून खुंटी मारा आणि तिथून चारही कोपरे मोजा. चार त्रिकोण मिळतात. उतारावर टेप जमिनीला चिकटवू नका, आडवा धरा, खालच्या टोकाला ओळंबा सोडा. नकाशातलं अंतर आडवं असतं. २० मीटरच्या टेपमागे ३ मीटर उतार असेल तर खरं अंतर १९.७७ मीटरच भरतं.

पडताळा हवा असेल तर १:१००० च्या सर्व्हे प्लॅनवर पारदर्शक आलेख कागद ठेवून चौकटी मोजा. एक चौरस मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर. अर्ध्याहून मोठी चौकट धरायची, लहान सोडायची. कंटाळवाणं काम आहे, आणि पेन्सिलची रेघच जमिनीवर अर्धा मीटर खाते, म्हणून मी यावर फार विसंबत नाही.

शेजाऱ्याशी गडग्यावरून (हद्दीच्या दगडी बांधावरून) वाद असेल तर मात्र यातलं काहीच चालायचं नाही. त्यासाठी रीतसर डिमार्केशनचा, म्हणजे सरकारी मोजणीने हद्द आखून घेण्याचा, अर्ज करा.