मुलाचं नाव सहसा कुणी ठेवत नाही असं ठेवावं का? फायदे-तोटे काय?

तुम्ही लिहिलंय की मुलाचं नाव 'ऋभू' ठेवायचं मनात आहे, पण आजी-आजोबा म्हणतात शाळेत पोरं चिडवतील. माझं मत विचाराल तर खुशाल ठेवा. त्रास होईलच, पण तो पोरांकडून नाही, कागदांकडून.

मी एका माध्यमिक शाळेत लिपिक आहे. प्रवेश, दाखले, दहावीचे फॉर्म सगळं माझ्याच टेबलावरून जातं. चिडवण्याचं म्हणाल तर आमच्या भागात पोरं एकमेकांना सरळ बापाच्या नावानं हाका मारतात. मुलाचं नाव कितीही साधं ठेवलं तरी त्यातून सुटका नाही. वेगळ्या नावाला जूनमध्ये हजेरीच्या वेळी चार जण हसतात, गणपतीच्या सुट्टीपर्यंत ते सगळ्यांच्या तोंडात बसलेलं असतं.

आता कागदांचं. 'ऋ' आपण 'रु' म्हणतो, हिंदीवाले 'रि'. जन्मदाखल्यावर इंग्रजीत आर-यू लागलं, आधार काढताना ऑपरेटरनं आर-आय टाकलं, त्यावरून संगणकानं मराठीत 'रिभु' करून दिलं, तेही ऱ्हस्व. हृषीकेश नावाच्या मुलांचं बघा. नाव घरोघरी माहीत असलेलं, तरी एका कागदावर स्पेलिंग 'एच'नं सुरू होतं, दुसऱ्यावर 'आर'नं. पूर्वी हे खपून जायचं. आता अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक काढताना यू-डायसमधलं, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतलं आणि आधारवरचं नाव जुळलं नाही की गाडी तिथेच अडते. दहावीला बोर्डाची प्री-लिस्ट, म्हणजे फॉर्ममधल्या माहितीची कच्ची यादी तपासायला येते, तेव्हा मी प्रत्येकाला सांगतो, अक्षर न् अक्षर बघ. पोरं स्वतःचा फोटो बघतात आणि सही ठोकतात. एकदा शाळा सोडली की जनरल रजिस्टरमधलं, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या मूळ वहीतलं नाव बदलून घेणं महाकठीण, मग प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव छापून आणा.

फायदाही तसा कागदावरच जास्त दिसतो. नाव, वडिलांचं नाव, आडनाव तिन्ही सारखं असलेली दोन मुलं एकाच तुकडीत आली की एकाची शिष्यवृत्ती दुसऱ्याच्या नावापुढे चढते आणि दोघांचे पालक माझ्यासमोर उभे. जाधव-पाटील-शिंद्यांच्या गावात हे नेहमीचं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव येतं, त्यानं हा घोळ थोडा कमी होईल. तुमच्या ऋभूला मात्र तो होणारच नाही.

आणि वेगळी नावं हे काही आजचं फॅड नाही. आधीची मुलं जगली नाहीत की नंतरच्याला धोंडू, दगडू, केरू म्हणायचे, कुणाची नजर लागू नये म्हणून. त्यात माया होती. वाईट होतं ते 'नकोशी'. मुलगाच हवा होता, हे त्या पोरीला रोज हाक मारून ऐकवायचं. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींना समारंभ करून नवी नावं दिली. चिडवण्याची भीती घालणाऱ्या आजी-आजोबांना हे जरूर सांगा. नाव पोराला बोचतं ते त्यामागच्या भावनेनं, वेगळेपणानं नव्हे.

मला स्वतःला खटकतात ती इंटरनेटवरून जुळवलेली नावं. प्रवेशाच्या वेळी सहज अर्थ विचारला तर आई-वडील दोघंही मोबाईल काढतात. ऋभू त्यातलं नाही. ऋग्वेदातले ऋभू म्हणजे हातात कला असलेले कारागीर देव. पोरगं मोठं होऊन विचारेल तेव्हा सांगायला काहीतरी आहे.

बारसं झालं तरी नाव नोंदवायची घाई करू नका. जन्मनोंदणीत बाळाचं नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. पण घालाल ते दोन्ही भाषांत ठरवून, कागदावर लिहून न्या. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत तोच दाखला लागणार आहे, त्यामुळे तिथली चूक पुढे सगळीकडे उतरते. आधारही दाखला हातात आल्यावरच काढा आणि ऑपरेटरच्या स्क्रीनवर मराठी नाव स्वतः वाचा, भू दीर्घ आहे ना ते बघा.

स्पेलिंग मला विचाराल तर आर-यू-बी-एच-यू. बाहेरचा माणूसही वाचून साधारण आपल्यासारखंच म्हणेल. आर-आय घातलंत तर पुण्याबाहेर पडताच त्याचा रिभू होईल.