हॅम्बुर्गला येताय? आधी घराचं बोलू, मग समुद्राचं

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चिपळूणचे. नोकरी हॅम्बुर्गच्या हॅमरब्रूक भागात, ऑक्टोबरात रुजू व्हायचंय, बरोबर वहिनी आणि चार वर्षांची मुलगी. घर चिपळुणात बसूनच ठरवावं का, कुठल्या भागात बघावं, २००५ आणि २०२१ चे दोन्ही पूर पाहिलेल्या माणसाने नदीकाठी राहावं का, आणि सुट्टीच्या दिवशी गुहागर-दापोलीसारखं जायला जवळपास काही आहे का. शिवाय मासे पकडायची गरी आणू का. मी मूळचा हर्णैचा, बरीच वर्षं एल्बे नदीच्या दक्षिणेला हारबुर्गमध्ये राहतोय. त्यामुळे खालचं सगळं जरा दक्षिणेकडे झुकलेलं वाटलं तर समजून घ्या.

घर तिथे बसून ठरवू नका. निदान कायमचं तरी नाही. पहिले दोन-तीन महिने सामानसुमानासकट मिळणारं तात्पुरतं घर घ्या, महाग पडलं तरी. कंपनी पैसे देत असेल तर उत्तमच. त्या घराकडून फक्त एक गोष्ट मागायची: तिथे नोंदणी करता आली पाहिजे. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं. ही नोंदणी झाली की टॅक्सचा नंबर पोस्टाने घरी येतो. तो नसेल तर पगारातून कर वरच्या दराने कापला जातो. मुलीच्या बालवाडीचे कागद, पुढच्या घराचा अर्ज, सगळं त्याच एका कागदावर अडतं. सुट्टीत भाड्याने देतात त्यातली बरीच घरं नोंदणी करू देत नाहीत, म्हणून पैसे भरण्याआधी हे लेखी विचारून घ्या. आणि पत्रपेटीवर आपलं आडनाव आलंच पाहिजे, पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही.

तिथे बसून घर शोधताना फसवणूकही ठरलेल्या साच्याची असते. मध्यवर्ती भागातलं देखणं घर, भाडं निम्मं, मालक ‘सध्या परदेशात’, पैसे पाठवा मग किल्ली कुरिअरने येईल. किल्ली येत नाही.

आता जाहिरात कशी वाचायची ते. तीन खोल्यांचं घर म्हणजे हॉल आणि दोन बेडरूम; स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजणीत धरत नाहीत. भाडी दोन लिहिलेली असतात. काल्टमीटे म्हणजे नुसतं जागेचं भाडं, वार्ममीटे म्हणजे त्यात पाणी, कचरा, जिन्याची सफाई आणि बहुतेक वेळा हीटिंगही धरलेलं. विजेचं बिल आणि इंटरनेट त्याहून वेगळं, आणि रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी दर घरटी महिना १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला कायद्यानेच आहे. दलालाची फी २०१५ पासून ज्याने दलाल बोलावला त्याने द्यायची. म्हणजे बहुधा मालकाने. साध्या भागात ६०-६५ चौरस मीटरच्या घराला नव्या करारात सगळं मिळून हजार ते चौदाशे युरो धरून चला.

स्वयंपाकघराबद्दल वहिनींना आधीच सांगून ठेवा. कित्येक घरांत ते रिकामं असतं. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, भिंतीतून नळाची दोन तोंडं बाहेर आलेली. आधीचा भाडेकरू सगळं उचलून नेतो किंवा तुम्हाला विकतो. दिवे तर जवळपास कुणीच ठेवत नाही, छताला वायरी लोंबतात. जाहिरातीत ‘बसवलेलं स्वयंपाकघर’ असं लिहिलं असेल तर त्या घराला थोडं जास्त भाडं द्यायला हरकत नाही, असं माझं मत.

घर बघायला रांग असते, त्यामुळे फाइल तयार ठेवूनच जायचं: पासपोर्ट आणि व्हिसा, नोकरीचा करार, मिळतील तशा पगाराच्या पावत्या, आणि शूफाचा उतारा. शूफा म्हणजे तुमची उधारी-परतफेड नोंदवणारी संस्था. नव्या माणसाची तिथे पाटी कोरी असते, त्यामुळे सुरुवातीला कंपनीच्या पत्रावरच भागवावं लागतं. सागा ही शहराच्या मालकीची कंपनी आणि गेनोसनशाफ्ट नावाच्या गृहनिर्माण सहकारी संस्था यांची घरं सर्वांत रास्त. प्रतीक्षायादी लांब असली तरी आल्या आल्या नाव नोंदवून टाका.

भाग कुठला? सगळे तुम्हाला आल्टोना, ओटेनझेन, आइम्सब्युटेल, विंटरहूड सांगतील. भाग छानच आहेत, पण भाडी छाती दडपवणारी. तुमचं ऑफिस हॅमरब्रूकला आहे आणि इथेच तुमचं नशीब जोरावर आहे, कारण एस-३ आणि एस-५ या लोकल मुख्य स्टेशनाहून निघून हॅमरब्रूक, विल्हेल्म्सबुर्ग, हारबुर्ग करत नॉयग्राबेनपर्यंत जातात आणि एस-५ तर पुढे बुक्सटेहूडवरून थेट श्टाडेपर्यंत. याच रेघेवर घर बघा. नदीपलीकडे राहणं मूळच्या हॅम्बुर्गकरांना थोडं कमीपणाचं वाटतं, म्हणूनच तिथे भाडं उतरतं. ऑफिस थेट, आणि पुढे सांगणार आहे त्या फिरायच्या निम्म्या जागा याच दिशेला. तोटा एकच: दक्षिणेला जायला नदी ओलांडावीच लागते, आणि पुलांच्या बाजूला काही बिघडलं की सगळी लाइन ठप्प. सकाळी वेळ जरा हातात ठेवायची.

मुलीमुळे एक बारीक मुद्दा येतो. नॉयग्राबेन-फिशबेकपर्यंत हॅम्बुर्ग राज्य, त्यानंतरचं नॉय वुल्म्सटॉर्फ स्टेशन लोअर सॅक्सनी या शेजारच्या राज्यात. हॅम्बुर्गमध्ये बालवाडीचे रोजचे पाच तास जेवणासकट मोफत, आणि शाळेत गेल्यावर मुलांना प्रवासाचा पासही मोफत. लोअर सॅक्सनीत तीन वर्षांपुढच्या मुलांना रोज आठ तासांपर्यंत फी नाही, पण जेवणाचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे. दोघंही नोकरी करणार असाल तर दुसरं सोयीचं पडू शकतं. कुठेही घेतलंत तरी बालवाडीचा अर्ज घराच्या करारासोबतच टाका, जागा पटकन मिळत नाही.

पुराचं. एल्बे नदीला हॅम्बुर्गातही भरती-ओहोटी आहे, समुद्र शंभरेक किलोमीटर दूर असून. हिवाळ्यात वायव्येचा वारा सुटला की समुद्र नदीत ढकलला जातो आणि पाणी चढतं. १९६२ च्या फेब्रुवारीत बांध फुटून शहरात ३१५ माणसं गेली, बहुतेक विल्हेल्म्सबुर्गमधली. त्यानंतर बांध उंच आणि भक्कम केले. आज बांधाच्या आतल्या घराला माझ्या मते भिण्याचं कारण नाही, वाशिष्ठीसारखं रात्रीत बाजारपेठेत शिरणं इथे होत नाही. बांधाबाहेरच्या मासळी बाजारात मात्र वादळी भरतीला पाणी येतंच, आणि सूचना असतानाही गाडी तिथेच लावून झोपलेला कुणी ना कुणी निघतोच. चिपळूणकराला तळमजला नकोसा वाटेल, तर पहिला-दुसरा मजला मागा.

ओल वेगळी. आपल्याकडे भिंतीला बुरशी बाहेरच्या पावसाने येते, इथे घरातल्या वाफेने. स्वयंपाक, आंघोळ, आत वाळत घातलेले कपडे. थंडी कितीही असो, दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या. भाताच्या वाफेने काळी पडलेली भिंत घर सोडताना डिपॉझिटातून कापतात. तळलेल्या बांगड्याचा वासही खिडकीतूनच जाऊ द्या, जिन्यात नको.

आता फिरण्याचं. आल्याबरोबर डॉइचलांड-टिकट घ्या. मे २०२३ मध्ये ते महिना ४९ युरोंना सुरू झालं, जानेवारी २०२६ पासून ६३ आहे. देशभरातल्या लोकल, बस, मेट्रो आणि जवळच्या पल्ल्याच्या सगळ्या गाड्या त्यात, फक्त वेगवान एक्सप्रेस नाहीत. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. गणपतीत मांडवी एक्सप्रेसचं आरक्षण मिळवलेल्या माणसाला, मनात आलं आणि गाडीत बसलो हे प्रकरण पचायला वेळ लागतो.

ऑक्टोबरात येताय तर पहिला रविवार आल्टेस लांडला. हारबुर्ग आणि श्टाडेच्या मधला, नदीकाठचा सखल बागायती पट्टा. सफरचंद आणि चेरी, मैलोन् मैल. तेव्हा सफरचंदांची तोड चालू असते, काही बागांत स्वतः तोडू देतात, शेतावरच्या दुकानात पेटीने मिळतात. पण खरा बघावा तो एप्रिल अखेरीस, मोहर आल्यावर. रात्री तापमान शून्याखाली जायला लागलं की बागायतदार झाडांवर पाणी फवारत बसतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं आणि तेवढ्या उबेवर आतली कळी वाचते. सकाळी बर्फाच्या पापुद्र्यात अख्खी बाग फुललेली दिसते. आंब्याच्या मोहरासाठी थंडी मागणाऱ्या आपल्या लोकांना हे उलटं गणित नक्की दाखवावं. माझे वडील आले होते तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न पाण्याच्या मोटारीच्या अश्वशक्तीचा विचारला.

डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो. त्या दिवसांत लांब जाऊ नका. लांडुंग्सब्रुकनच्या धक्क्यावरून ६२ नंबरची फेरी घ्या, तिकीट तेच चालतं, आणि कंटेनरच्या जहाजांना खेटून फिंकनवेर्डरपर्यंत जाऊन या. वाटेत एव्हेलगोनेला उतरलात तर वाळूचा किनारा आहे. तिथे पोहायचं मात्र नाही, जहाजांच्या लाटा आणि प्रवाह माणूस ओढून नेतात. एस-१ च्या टोकाला वेडेल गाव आहे, तिथे १९५२ पासून येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजाला त्याच्या देशाचं राष्ट्रगीत वाजवून सलामी देतात. घरात कुणी बोटीवर असेल तर तिथून व्हिडिओ कॉल करा.

समुद्र दोन आहेत. बाल्टिककडचं ट्रावेमुंडे ल्युबेकवरून सोपं पडतं, लहान मुलीला बरं, पण त्याला भरती-ओहोटी जवळपास नाही. मला ते तळ्यासारखं वाटतं. वहिनींना कदाचित तेच आवडेल. आपल्या माणसाचा समुद्र म्हणजे दुसरा, नॉर्थ सी, आणि त्याच्या काठचं कुक्सहाफेन. हारबुर्गहून थेट गाडी आहे. ओहोटीला पाणी कित्येक किलोमीटर मागे सरतं आणि दहा-बारा किलोमीटर चिखल-वाळूतून चालत नॉयवेर्क बेटावर जाता येतं. लहान मुलं घोडागाडीत. बेटावरचा १३१० चा मनोरा ही हॅम्बुर्गची सर्वांत जुनी इमारत, कारण बेट कारभाराने हॅम्बुर्गचंच. परतताना भरतीच्या पाण्यावर बोट. वाटाड्याशिवाय जाऊ नका, तुम्ही कितीही किनारपट्टीचे असलात तरी. पाणी समोरून येताना दिसत नाही, आधी मागच्या नाळा भरतात आणि परतीची वाट तुटते. अडकलेल्यांसाठी वाटेत खांबांवर पिंजरे उभारलेत ते उगाच नाहीत. तिथीच्या पाऊणपटीने भरती काढायचा आपला हिशेबही इथे लागू नाही, छापील वेळापत्रकच बघायचं.

ऑगस्टच्या मध्यापासून महिनाभर ल्युनेबुर्गच्या माळावर जांभळी फुलं येतात. त्याचाच छोटा तुकडा, फिशबेकची हाइडे, नॉयग्राबेन स्टेशनाजवळच आहे. डोंगर म्हणाल तर नाही. माळावरचा सर्वांत उंच माथा १६९ मीटर. कुंभार्ली घाटाची सवय असलेल्यांनी हसू नये.

आणि गरी. आणा, पण परवान्याशिवाय पाण्यात टाकू नका. इथे मासे पकडायला आधी अभ्यास, मग परीक्षा, मग फिशेरायशाइन नावाचं कार्ड, आणि ठिकठिकाणची वेगळी परवानगी. दंड होतो, गरीही जाते. तोवर रविवारचा मासळी बाजार आहे, १७०३ पासून भरतोय. उन्हाळ्यात पहाटे पाचला सुरू, थंडीत सातला, आणि साडेनऊला बंद. हर्णैसारखा लिलाव नाही, पण विक्रेत्यांचा आरडाओरडा ओळखीचा वाटेल. नवाच्या पुढे पोचा, तेव्हा उरलेला माल टोपलीसकट स्वस्तात सुटतो.